मुलाच्या फाइलमधले कोरे रकाने

मा. आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. आंघोळ घालताना मुलानं शू केली आणि मला दोन धारा दिसल्या. एक टोकातून, दुसरी अगदी बारीक, खाली टाक्यांच्या रेषेतून झिरपणारी. त्याला फिस्टुला म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

माझ्या मुलाला हायपोस्पेडियास आहे. जन्मतःच लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला आहे. साधारण २०० ते ३०० मुलग्यांमागे एकाला हे असतं, तरी घरात कुणी त्याबद्दल बोलत नाही. आम्हीही बोललो नाही.

डॉक्टरांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. फिस्टुला निष्णात हातांनी केलेल्या ऑपरेशननंतरही होतो. पण कोणत्या मुलाला धोका जास्त, हे बऱ्याच अंशी आधीच ओळखता येतं. छिद्र वृषणकोशाच्या जितकं जवळ, तितकी छिद्रापासून टोकापर्यंतची लघवीची नवी नळी लांब करावी लागते, आणि तितकीच ती फुटण्याची किंवा आकसण्याची भीती जास्त. शिश्नाला वाक जास्त असेल तर काम आणखी अवघड, कित्येकदा दोन टप्प्यांत करावं लागतं. शिश्नाग्र लहान असेल तर टाक्यांवर ताण येतो आणि जखम उकलू शकते. शिवाय एकदा ऑपरेशन फसलं की कातडीत व्रण उरतात, रक्तपुरवठा घटतो, म्हणून प्रत्येक पुढचं ऑपरेशन आधीच्याहून कठीण होत जातं.

दुसऱ्या सर्जननी माझ्या मुलाला तपासलं तेव्हा आधी शिश्नाग्राची रुंदी मोजली. १३ मिलिमीटर. १४ पेक्षा कमी असली तर जपावं लागतं, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पहिल्या वेळी किती होती? वाक किती अंश होता? छिद्र नेमकं कुठे होतं?" मी फाइल पुढे केली. आत फक्त आजाराचं नाव, तारीख आणि बिल होतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक रुग्णालयात ऑपरेशनपूर्वी छिद्राची जागा, वाक, शिश्नाग्राची रुंदी आणि आधीची ऑपरेशनं यांची नोंद बंधनकारक करा. अवघड आणि पुन्हा करायची ऑपरेशनं जिथे ती नेहमी होतात तिथेच पाठवायची सोय करा, कारण सर्जनच्या सरावानं फरक पडतो. नवजात बाळाची तपासणी सुंता करण्याआधी व्हायलाच हवी. सुंतेत जी कातडी कापतात, तीच बऱ्याचदा दुरुस्तीसाठी लागते आणि एकदा कापलेली परत मिळत नाही.

आणखी एक, आणि माझ्या मते हे सगळ्यात दुर्लक्षित आहे. वर्षभर तपासलं की मूल बरं झालं, असं धरलं जातं. पण धार बारीक होणं किंवा वाक पुन्हा येणं कधी कधी फार उशिरा, वयात येताना लक्षात येतं. तोवर फाइल बंद झालेली असते. निदान वयात येईपर्यंत मुलांना बोलावून तपासलं पाहिजे.

माझ्या मुलाचं पुढचं ऑपरेशन व्हायचं आहे. त्या वेळी रकाने भरले जातील, हे मी स्वतः उभी राहून पाहीन. पण काय विचारायचं हेच ज्या आईला ठाऊक नाही, तिच्या मुलाच्या केसपेपरवर हे प्रश्न आपल्या खात्यानं छापून द्यावेत.

आपली,
एका मुलाची आई