निराधार शाखेतल्या मॅडमना, आत्तीच्या पैशांबद्दल

मा. मॅडम यांस,
सप्रेम नमस्कार.

माझ्या आत्तीचे, म्हणजे आत्याचे, सरकारी पगाराचे पैसे मिळाले. अडकलेले सगळे, एकही हप्ता न बुडता. फोनवर तुम्हाला हे सांगितलं होतं, पण तेव्हा तुमच्या मागं कुणीतरी "मॅडम, सही" म्हणत उभं होतं आणि आभार मानायचे राहून गेले. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुमच्या टेबलापर्यंत न पोचलेल्या पुष्कळ आत्त्या आपल्या जिल्ह्यात आहेत. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात. आत्तीचंही लिहीत नाही, कारण गावात तिचं नाव आधीच भरपूर झालंय.

आत्तीला मूलबाळ नाही. मामा, म्हणजे तिचा नवरा, गेल्यावर दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाऊन तिनं दिवस काढले. पहिल्यांदा तिला संजय गांधी निराधार योजनेतून पगार बसला (दरमहाच्या अनुदानाला आम्ही पगारच म्हणतो), पासष्टी ओलांडल्यावर नाव श्रावणबाळ योजनेत गेलं. सहाशे रुपये मिळत होते तेव्हापासूनची ती लाभार्थी. २०१९ साली हजार झाले, जुलै २०२३ पासून दीड हजार. या पैशांत सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, न मिळणाऱ्या गोळ्या येतात, गॅस येतो, आणि गौरी-गणपतीला माहेरच्या पोरींना चोळीचा खण येतो. शेवटची गोष्ट चुकली तर तिला गोळ्या चुकल्यापेक्षा जास्त लागतं.

मग एके महिन्यापासून पासबुकात काही उठेना. बँकेतला माणूस म्हणाला, "वरनं आलं नाही." तलाठी म्हणाले, "आमच्याकडं त्याचं काही नसतं आता." चावडीवर कुणीतरी सांगितलं की यादीतून नावं कमी केलीत, तुझंही गेलं असणार. आणि एकजण तर थेट घरी आला. पाचशे द्या, वरच्या साहेबांना सांगून पगार चालू करून देतो, म्हणाला. आत्तीनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं. पाचशे देण्याइतके पैसे असते तर पगाराची एवढी वाट कशाला बघितली असती, असा तिचा रोकडा हिशेब होता.

मी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये कामाला. एक दिवस तिकडं गेलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापतात. तरी आत्तीला रंकाळा स्टँडवरून घेतलं आणि तुमच्या तहसील कार्यालयात आलो. खरं सांगायचं तर तिथून काही घेऊन परत जाऊ असं वाटलं नव्हतं. उद्या या, साहेब मीटिंगला गेलेत, सर्व्हर डाऊन आहे, ही तिन्ही उत्तरं मी मनात धरूनच आलो होतो.

तुम्ही आधी आत्तीला बसायला खुर्ची दिली. मग तिचा आधार नंबर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडं वळवली. मला त्या दिवसाचं सगळ्यात जास्त काही आठवत असेल तर ते स्क्रीन वळवणं. एवढी वर्षं सरकारी टेबलाची मागची बाजूच बघितलीय आम्ही. स्क्रीनवर महिन्यावार ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीपुढं पैसे जमा झाल्याचं लिहिलं होतं. आत्तीचा पगार बंद झालाच नव्हता. दर महिन्याला येत होता, फक्त ती रोज उघडून बघत होती त्या पासबुकात येत नव्हता.

"मग माझं पैसं खाल्लं कुणी?" आत्तीनं विचारलं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "कुणी खाल्लं नाही मावशी, दुसऱ्या घरी जाऊन बसलंय."

पुढची दहा मिनिटं तुम्ही जे समजावून सांगितलंत ते मी अजून लोकांना सांगत फिरतोय, म्हणून इथंही लिहितो. आधी काय व्हायचं? तालुक्याला पैसे यायचे, तुमच्याकडं बँकवार याद्या तयार व्हायच्या, बिल कोषागारात जायचं, मग बँकेला रक्कम आणि यादी. बँक ज्याच्या त्याच्या खाते नंबरावर टाकायची. उशीर व्हायचा, दोन-दोन तीन-तीन महिन्यांचे एकदम पडायचे, पण पडायचे ते त्याच खात्यात. २०२४ सरता सरता हे सगळं डीबीटीवर, म्हणजे थेट खात्यात पैसे टाकायच्या पद्धतीवर, गेलं. आता पैसे मुंबईहून थेट लाभार्थ्याला येतात आणि ते खाते नंबर बघत नाहीत, आधार नंबर बघतात. ज्या बँकेनं त्या आधारला शेवटी जोडून घेतलं, त्या खात्यात रक्कम जाते. एका आधारला यासाठी एका वेळी एकच बँक. बँकेत केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला, आधारची झेरॉक्स दिलेली असली तरी ही जोडणी झालेली असेलच असं नाही. आत्तीच्या गावच्या बँकेत झेरॉक्स होती, जोडणी दुसरीकडंच होती.

दुसरीकडं म्हणजे कुठं, हे शोधायला आम्हाला २०२४ च्या पावसाळ्यात जावं लागलं. लाडकी बहीणचे फॉर्म भरायची धांदल चालली होती. गावात एका बँकेचा माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन आला आणि देवळासमोर बसून खाती उघडत होता. आत्ती पासष्टीपुढची, तिला त्या योजनेत काही मिळणार नव्हतं. पण शेजारणी गेल्या म्हणून हीपण गेली. बोटं टेकवली, एक कार्ड मिळालं, ते ट्रंकेत साड्यांच्या खाली गेलं. विषय संपला असं तिला वाटलं. तिच्या आधारची गाठ त्याच दिवशी त्या नव्या खात्याशी बसली होती.

मॅडम, इथं तुम्हाला दोष देत नाही, पण मनातलं बोलतो. ज्या बाईला एसटीचा बोर्ड वाचता येत नाही तिच्या खात्याची बँक बदलते आणि तिला कुणी सांगत नाही. बोटं टेकवून घेताना तर अजिबात सांगत नाहीत. मेसेज येतो म्हणे. आत्तीच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर माझ्या चुलतभावाचा, आणि तो पुण्यात.

परत तुमच्याकडं येतो. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात चार ओळी लिहून दिल्यात. कुठल्या बँकेत पैसे आहेत. तिथं काय घेऊन जायचं. मग गावच्या बँकेत जाऊन कुठला फॉर्म मागायचा: डीबीटीसाठी आधार जोडणीचा, नुसता केवायसीचा नव्हे. आणि शेवटी, जोडणी झाली का ते बघायला मोबाईलवर *९९*९९*१# लावायचं. हा कागद आत्तीनं पासबुकाच्या प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलाय. गावात त्याच्या किती झेरॉक्स झाल्या ते झेरॉक्सवाल्यालाच माहीत.

त्या दुसऱ्या बँकेत नवाच घोळ निघाला. आत्तीचा अंगठा उठेना. उसाची पाचट आणि भांगलणीचं खुरपं यांनी बोटांवरच्या रेघा पुसत आणल्यात, कधी उठतात, कधी नाही. मशीन लाल दिवा दाखवत राहिलं, ती बोटं पदराला पुसत राहिली. तिथून तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही सांगितलंत की शाखेत जाऊन स्लिपवर अंगठा उठवून, ओळख पटवून पैसे काढता येतात, मशीनवर अडून बसू नका. शाखेत तसं विचारलं आणि झालं. हा फोन घेणं तुमच्या कामात बसत नव्हतं. तुमचं काम आधीच संपलं होतं, लाभार्थी पात्र, पैसे जमा, फाइल स्वच्छ.

पासबुक भरून आणलं तेव्हा आत्तीची दुसरी शंका निघाली. एका महिन्याला दोनशे आणि तेराशे अशा वेगळ्या नोंदी का? तिला वाटलं कुणीतरी दोनशे बाजूला काढलेत. तुम्ही सांगितलंत की तिचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे, म्हणून तिच्या दीड हजारात केंद्राचे दोनशे आणि राज्याचे तेराशे. ऐंशी पूर्ण झाली की केंद्राचे पाचशे होतील, राज्याचे हजार, बेरीज तीच. मी घरी येऊन जरा वाचलं. केंद्रानं आपली म्हाताऱ्यांच्या पेन्शनची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केली तेव्हा पंचाहत्तर रुपये होते, २००६ साली दोनशे झाले, आणि ऐंशीच्या आतल्यांना आजही दोनशेच आहेत. कोल्हापुरात २००६ साली दोनशे रुपयांत काय काय यायचं ते आठवून बघा. बाकीचा भार राज्य उचलतंय हे खरं, आणि ते मान्य केलं पाहिजे. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना अडीच हजार केले, तेही चांगलंच झालं. आत्ती दीड हजारावर आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्यासमोर बोललो नाही, ती इथं लिहितो. आमच्या गल्लीत एक बाई आहे, नवरा गेलेली, दोन पोरं. तिचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावर अडकलाय. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत पाहिजे. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीचा रोज ३१२ रुपये होता. म्हणजे अडुसष्ट दिवस कामाला गेलं की ती बाई निराधार राहत नाही. तिकडं लाडकी बहीणला तेच दीड हजार, आणि तिथं उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. दोन्ही योजना एकाच सरकारच्या, दोन्हीतली बाई एकाच गल्लीतली. ही मर्यादा तुम्ही ठरवलेली नाही हे मला कळतं. पण ती ठरवणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनी तलाठ्यासमोर बसून एकवीस हजारांचा दाखला मागणारी बाई एकदा बघावी. खरं उत्पन्न सांगितलं तर पगार जातो, आणि कमी सांगायला तिची जीभ वळत नाही.

तुमच्या शाखेत एवढ्या योजना, एवढी गावं आणि तुम्ही मोजकी माणसं. डीबीटी आलं तेव्हा एकेका लाभार्थ्याचं आधार, मोबाईल, नावाचं स्पेलिंग पोर्टलवर चढवायचं काम तुम्हीच केलंत, हे त्या दिवशी बोलता बोलता तुमच्या तोंडून निघालं. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, बँकेत माहेरचं, अशा किती बायका तुम्ही जुळवून घेतल्या असतील. पैसे मुंबईहून थेट येतात ही सोय मोठी आहे, मधले पाचशेवाले त्यामुळं कमी झाले. पण ते अडकले तर आत्तीला मुंबईला विचारता येत नाही. ती तुमच्याकडंच येणार. आणि त्या टेबलावरच्या माणसाचा तो दिवस कसा गेलाय, त्यावर तिचं पुढचं सगळं ठरणार. आमच्या नशिबानं तुम्ही होता. ही नशिबाची गोष्ट नसती तर बरं झालं असतं.

एक विनंती आहे, जमलं तर बघा. तुम्ही लिहून दिलेल्या त्या चार ओळी कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावता आल्या तर? गावागावात ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही लावता येतील. छपाईचा खर्च आमच्या वर्कशॉपमधली पोरं करायला तयार आहेत, विचारून ठेवलंय. फक्त साहेबांची परवानगी लागेल ना, ती तुम्ही काढायची.

आत्तीची जोडणी आता गावच्या बँकेशी झाली आहे आणि या महिन्याचे पैसे तिथंच पडले. हयातीच्या दाखल्याचं मात्र तिला अजून पटलेलं नाही. "दरसाल जित्ती हाय म्हणून सांगायला जायचं, आणि मेल्यावर काय कळवायला येणार हाय व्हय मी?" असं तिनं तुम्हाला विचारायला सांगितलंय. उत्तर तुम्हीच द्या, मला जमलं नाही. दाखल्यासाठी तिला घेऊन मी येतोयच. यंदाची काकवी चांगली झालीय, ती एक बाटली आणणार आहे. तुम्ही घेणार नाही हे मी तिला सांगून बघितलं, ती ऐकत नाही.

आपला,
आत्तीचा भाचा
उद्यमनगर, कोल्हापूर