दिल्या, एवढा आठवडा काढ

प्रिय दिल्या,

काल फोनवर तू म्हणालास ना, तंबाखू सोडल्यापासून पोरावर वसावसा ओरडतोय, त्यापेक्षा एक बार भरलेला बरा, तेच रात्रभर डोक्यात घोळत होतं म्हणून आज सगळं लिहूनच काढतोय.

मर्दा, तो राग तुझा न्हाई. तंबाखूतलं निकोटीन रक्तात जाऊन दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून तर घडीघडीला मळायला लागायचं, आणि चुन्यामुळं ते गालातनं अजून जोरात आत जातं. इतक्या वर्षांची मेंदूला सवय, एकदम बंद केल्यावर चिडचिड, उदासी, कशात लक्ष न लागणं हे होतंच. पहिले दोन-तीन दिवस लई वाईट, पुढं तीन-चार आठवड्यांत बरंचसं निवळतं. तू आत्ता ऐन चढावर आहेस, इथनं माघारी फिरलास तर हेच दिवस पुन्हा काढायला लागतील.

मी तंबाखू सोडली तेव्हा माझी झोप उडालेली, डोळा लागलाच तर भलतीच स्वप्नं. पोट साफ होईना, कारण निकोटीननं आतडी हलतात आणि सकाळच्या बाराशिवाय जायची सवयच नव्हती, मग गरम पाणी, पपई, पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ, हळूहळू जमलं. भूक वाढली, वजनपण वाढलं, वाढू दे की. हाताचं मात्र नवल वाटायचं बघ, जेवण झालं की उजवा अंगठा आपोआप डाव्या तळव्यावर फिरायचा, तळवा रिकामा असला तरी. एकदा बायकोनं बघितलं आणि काही न बोलता तिथं चिमूटभर बडीशेप ठेवली. तेव्हापासनं खिशात बडीशेपच असते.

तलफ आली की जागेवरनं ऊठ, चूळ भर, कुणाशीतरी बोल, चार-पाच मिनिटांत ओसरते खरंच. अगदीच निभत नसेल तर डॉक्टरांना विचारून निकोटीनचं च्युइंगम घे, पण ते सारखं चघळायचं नसतं, झोंबायला लागलं की गालात धरून ठेवायचं. आणि १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, तंबाखू सोडणाऱ्यांसाठीच. लाजू नको.

तोंडाला चव आलीय रे! तू दिलेलं भडंग परवा खाल्लं तर लसूण वेगळा, कढीपत्ता वेगळा कळला, गालात आग न्हाई काय न्हाई.

एक मात्र ऐकच. बार धरायचास त्या बाजूला आरशात बघ, पांढरा-लाल चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली न्हाई, किंवा तोंड पहिल्यासारखं उघडत नसेल, तर सरळ डेंटिस्टकडं जा. घाबरवत न्हाई, पण हे टाळू नको.

वहिनींना आणि पोराला सांग की बाबा चिडतोय ते थोड्याच दिवसांचं आहे, पोराला तर जवळ घेऊन तूच सांग. रविवारी मी सांगलीला येतोय. तोवर रात्री दोनला तलफ आली तरी मला फोन लाव, मी उचलतो.

तुझाच,
सुभ्या, सातारा