आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : घाई मान्य, झाकपाक नको

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

साथ आली की निविदा मागवायला वेळ नसतो, हे मान्य. माणसं दगावत असताना दरपत्रकं जुळवत बसा, असं कोणी म्हणणार नाही. मागणी एवढीच, की पुढची साथ यायच्या आधी, हाताशी वेळ आहे तोवर, लसखरेदीचा करार किती दिवसांत उघड करायचा ते कायद्यात लिहून ठेवा. ऐन धामधुमीत ते कोणी लिहीत नाही, आणि धामधूम ओसरली की कोणाला ते नको असतं.

दक्षिण आफ्रिकेत कोविड लशींचे करार गोपनीय होते. ‘हेल्थ जस्टिस इनिशिएटिव्ह’ ही संस्था कोर्टात गेली आणि २०२३ साली, लसीकरणाची लाट ओसरल्यावर, कागद बाहेर आले. युरोपीय संघाला साडेआठ डॉलरला पडलेला जॉन्सन अँड जॉन्सनचा डोस त्या देशाने १० डॉलरला घेतला होता. यात कोणी लाच खाल्ली असं मी म्हणत नाही. पण दर झाकलेला असेल, तर लाच आणि नाइलाज यांतला फरक ओळखायचा कसा?

आता जरा खालच्या टोकाला या. लसभांडारात माझी अर्धी नोकरी गेली, त्यामुळे हे जवळून पाहिलेलं आहे. काही लशींची दहा डोसांची कुपी फोडली की ती काही तासांत संपवावी लागते. संध्याकाळी रांगेत तिघंच उरले, तर कुपी फोडायची आणि सात डोस नोंदवहीत ‘वाया’च्या रकान्यात लिहायचे. आता हेच सात डोस कोणा साहेबांच्या बंगल्यावर गेले, तरी नोंद अगदी तशीच दिसते. वरून ‘नासाडी शून्य दाखवा’ असा फोन आला, की प्रामाणिक नर्सही घाबरून सात खोटी नावं भरते. (तिला दोष देऊ नका, फोन करणाऱ्याला द्या.) एकदा खोटं नाव भरायची सवय लागली, की त्या आडोशाला काहीही खपतं.

हे फक्त खालीच घडतं असंही नाही. पेरूमध्ये लसीच्या चाचणीसोबत आलेले जादा डोस ४८७ जणांनी गुपचूप टोचून घेतले. त्यांत माजी राष्ट्राध्यक्ष होते, खुद्द आरोग्यमंत्रीही होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये हे फुटलं आणि आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. त्याच महिन्यात अर्जेंटिनाचे आरोग्यमंत्रीही ओळखीच्यांना रांग चुकवून लस दिल्याच्या प्रकरणात पायउतार झाले.

म्हणून आणखी दोन गोष्टी मागतो. कुपी कधी फोडली ती वेळ आणि बॅच नंबर नोंदवहीत हवा, आणि रिकाम्या कुप्या दोघांच्या सहीने मोजून नष्ट व्हाव्यात, नाहीतर त्याच पुन्हा भरून बाजारात येतात. दुसरं, खऱ्या नासाडीसाठी कोणावरही कारवाई नको, तसं लेखी परिपत्रक काढा. लसखरेदीत मधे येणाऱ्या दलाल कंपन्यांचे खरे मालक कोण, हा विषय मोठा आहे. त्यावर वेगळं लिहीन.

नोंदवहीचा नमुना सोबत जोडला आहे. सहा रकाने आहेत, एका पानावर मावतात. करार उघड करण्याच्या मुदतीबद्दल मात्र आपलं उत्तर लेखी हवं.

आपला,
लसभांडारातला एक निवृत्त कर्मचारी