माळकऱ्याला फॅटी लिव्हर कसं?

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पोटाची सोनोग्राफी झाली. उजव्या कुशीत जड वाटतंय म्हणत होता. रिपोर्ट आला फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी साठलेली, ग्रेड २. साखरही वाढलेली. दादाचं वजन ५८ किलो. डॉक्टरांनी रिपोर्टवरची नजर न उचलता विचारलं, "किती घेता?" चौदाव्या वर्षापासून गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस! तो काही बोलला नाही, नुसता माळेला हात लावला. गावात मात्र आठवड्यात कुजबूज झाली की माळकरी चोरून पितो. वहिनी अजून गिरणीवर जायचं टाळते.

दादा १९७३ च्या फेब्रुवारीतला. पोटुशी असताना आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती, आठवा लागला तरी. कामावर मिळणारी सुकडी पदरात बांधून आणायची आणि म्हाताऱ्या सासूच्या हातात द्यायची. स्वतः मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची लाल भाकरी आणि चटणी. दादा जन्मला तेव्हाचं आई अजून सांगते, "डोकं तेवढं नीट होतं गं. पोट पाठीला लागलेलं, दंड माझ्या अंगठ्याएवढे."

आईचं हे बोलणं मला पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राच्या अभ्यासाबद्दल वाचताना आठवलं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांची दिवस जाण्याआधीपासून नोंद ठेवली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. त्यांच्याशी तुलना केली तर आपल्या बाळांचं पोट आणि दंड सगळ्यांत मागे, डोकं त्या मानानं बरं, आणि कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. पोट लहान म्हणजे आतलं यकृतही लहान. पोषण अपुरं पडलं की गर्भ आधी मेंदूला जपतो. नाळेतून आलेलं रक्त यकृताला वळसा घालून पुढे जास्त जातं. असं बाळ मोठं झालं की अंगात स्नायू थोडे, त्यामुळे साखर नीट खर्ची पडत नाही आणि तिची चरबी यकृतात साठू लागते. माणूस वरून काटक्याच दिसतो. एकट्या दादाच्या आजाराचं खापर मी त्या दुष्काळावर फोडत नाही. पण कुणाला संशयाने बघण्याआधी त्याच्या जन्माची चौकशी करावी, एवढं माझं डॉक्टरमंडळींना हात जोडून सांगणं आहे.

त्याच गावांत असंही दिसलं की ज्या गरोदर बायकांच्या खाण्यात पालेभाजी, फळं होती त्यांची बाळं भरदार, आणि ज्यांना कष्टाची कामं जास्त त्यांची लहान. आता आमच्याकडच्या ऊसतोड बायका बघा. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेलं जोडपं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातं. पहाटे फडात, डोक्यावर मोळी, रात्री कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत भाकरी. खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. अंगणवाडीत नाव गावाकडे आणि बाई तिकडे, मग आहार कसा पोचणार? आदिवासी भागात गरोदर बाईला एक वेळचं ताजं जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. तसंच जेवण साखर कारखान्यांच्या तळावर, कोप्यांजवळ शिजवावं. कारखाना, सरकार, दोघांनी मिळून. गाळपाच्या चार-पाच महिन्यांचाच तर प्रश्न आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई गेल्या दिवाळीत पाचव्या महिन्यात फडावर गेली, होळीआधी तिकडेच बाळंत झाली. बाळ दोन किलोसुद्धा भरलं नाही. परवा ती त्याला घेऊन शाळेच्या दारात आली होती. मी उचलून घेतलं. डोकं नीट होतं.

– एक प्राथमिक शिक्षिका, ता. करमाळा, जि. सोलापूर