बाउंड्रीवर जाऊन उभे राहिलात, त्याबद्दल

प्रिय कोच,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्ही माझ्या मुलाला ऑस्ट्रेलियन फुटबॉल शिकवता, आणि नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, हे दोन मोसमांत मला कळलं आहे. पत्र मराठीत लिहितेय, कारण इथल्या, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमधल्या, आणि तिकडे नाशिकच्या माझ्या माणसांनी ते वाचावं असं मला वाटतं. तुम्हाला समोर बसवून वाचून दाखवीन आणि ओळीओळीचा अर्थ सांगेन.

आधी तुमच्या आधीच्यांबद्दल बोलते, कारण तो राग अजून गेलेला नाही. माझ्या मुलाच्या रंगावरून, डब्यातल्या भाजीच्या वासावरून वर्गात बोललं गेलं, तेव्हा शाळेत आम्हाला सांगितलं की मुलं आहेत, चेष्टा करतात, त्याने दुर्लक्ष करायला शिकावं. तुमच्याकडे येण्याआधी तो ज्या संघात होता, तिथल्या प्रशिक्षकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि उंची कमी म्हणून त्याला बाकावर बसवलं. आणि आमच्यातलेही कमी नव्हते. परक्या देशात आलोय, एवढं चालायचंच, उगाच नजरेत येऊ नका, असं समजावणारी मराठी माणसं याच शहरात भेटली. सगळ्यांचा सल्ला एकच होता: जे काही करायचं ते पोरानेच करायचं. त्यानेच सोसायचं, त्यानेच मोठं मन दाखवायचं.

तुम्ही त्याला पहिल्याच दिवशी फॉरवर्ड पॉकेटमध्ये, म्हणजे गोलच्या खांबांशेजारच्या कोपऱ्यात, उभं केलंत आणि एडी बेट्स या खेळाडूबद्दल विचारलंत. आम्हाला कोणालाच तो माहीत नव्हता. आमच्यासाठी ॲडलेड ओव्हल म्हणजे २००३ सालची द्रविडची २३३ धावांची खेळी. तुमच्यासाठी ते मैदान म्हणजे गोलच्या खांबांशेजारचा, बाउंड्रीला चिकटलेला एक कोपरा, ज्याला प्रेक्षकांनीच एडीचं नाव देऊन टाकलं. त्या कोपऱ्यातून पाहिलं तर मधले दोन उंच खांब जवळजवळ एकामागे एक दिसतात. त्यांच्यामधून चेंडू गेला तर सहा गुण, जरा बाजूला सरकला तर एकच. तिथे धावत, मागे कोणीतरी टॅकल करायला आलेलं असताना, एडी बुटाच्या बाहेरच्या कडेने ती चेकसाइड किक मारायचा आणि लांबुडका चेंडू हवेत वळून खांबांमधून जायचा. मोसमातल्या सर्वोत्तम गोलचा मान त्याला चार वेळा मिळाला: २००६, २०१५, २०१६ आणि २०१९ मध्ये. मुलाने ते चारही गोल इतक्यांदा पाहिलेत की आता समालोचकाच्या आधी तोच ओरडतो.

बेट्सची कारकीर्द तुम्ही आम्हाला तुकड्यातुकड्यांनी सांगितलीत, कधी पावसात शेडखाली, कधी सॉसेज भाजताना. पोर्ट लिंकनमध्ये जन्मलेला, तिथे आणि कॅलगुर्लीत वाढलेला ॲबओरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी, मुलगा. उंची पावणेसहा फुटांच्या आतच. मेलबर्नच्या कार्लटन क्लबने त्याला घेतलं तेव्हा नीट लिहिता-वाचताही येत नव्हतं, आणि पुढे याच माणसाने लहान मुलांसाठी पुस्तकं लिहिली. २००५ ते २०१३ कार्लटनकडून २९० गोल, मग सहा वर्षं तुमच्या क्रोजकडून, म्हणजे ॲडलेडच्या क्लबकडून, ३१०, शेवटची दोन वर्षं पुन्हा कार्लटनकडे आणि तिथे ४०. एकूण ३५० सामने आणि ६४० गोल. हे आकडे तुम्ही तोंडपाठ म्हणता आणि तुमच्या पाठोपाठ आता माझा मुलगा म्हणतो. २०१४ ते २०१७ सलग चार वर्षं क्रोजचा सर्वाधिक गोल करणारा तोच होता. एकट्या २०१६ मध्ये ७५ गोल, आणि तेही गोलसमोर उंच उडी मारून चेंडू झेलणारा धिप्पाड फॉरवर्ड नव्हे, तर जमिनीवरचा सुटलेला चेंडू वेचणारा छोटा खेळाडू. हे तुम्ही सांगायचात तेव्हा मुलगा नकळत ताठ उभा राहायचा.

तुम्ही गोल आधी सांगितलेत, बाकीचं नंतर, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. एडी बेट्स म्हणजे ज्याच्यावर वर्णद्वेषी शेरे झाले तो, अशी ओळख तुम्ही माझ्या मुलाला होऊ दिली नाहीत. तो आधी आनंद होता.

बाकीचंही तुम्ही लपवलं नाहीत. त्याच २०१६ मध्ये, त्याच मैदानावर, पोर्ट ॲडलेडविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांतून त्याच्या दिशेने केळं फेकलं गेलं. २०१७ ची ग्रँड फायनल हरल्यावर, पुढच्या मोसमाआधी क्लबने खेळाडूंसाठी जे शिबिर घेतलं, तिथे त्याने विश्वासाने सांगितलेल्या खाजगी गोष्टी त्याच्यावरच उलटवल्या गेल्या. हे त्याने २०२२ मध्ये उघड केलं, तेव्हा क्लबला माफी मागावी लागली. तुम्ही क्रोजचे पहिल्यापासूनचे समर्थक, तरी आपल्या क्लबची बाजू घेतली नाहीत. सिडनीच्या ॲडम गुड्सबद्दलही, तोही ॲबओरिजिनल खेळाडू, तुम्ही असंच स्पष्ट बोललात. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक दोनदा जिंकलेल्या त्या माणसाची २०१५ मध्ये मैदानामागून मैदानात हुर्यो उडवली गेली, तो खेळ सोडून गेला, आणि एएफएल या लीगची माफी आली २०१९ मध्ये.

आणि मग तुम्ही म्हणालात की एडीला सगळ्यात जास्त थकवलं असेल ते दरवेळी त्यालाच बोलायला लावण्याने. केळं त्याच्यावर, माकडाचं चित्र त्याला पाठवलेलं, आणि टीव्हीवर बसून देशाला समजावायचंही त्यानेच. आपण या सगळ्याने दमलो आहोत, हे त्याने जाहीरपणे सांगितलं होतं. ज्याला लागलं त्यानेच मलमपट्टी करायची, वर शेजाऱ्यांना जखमेवर व्याख्यानही द्यायचं, असा तो प्रकार.

हे तुम्ही नुसतं म्हणाला नव्हतात, ते मला आपल्या एका सामन्याच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये दिसलं. समोरच्या संघाच्या बाजूला उभा असलेला एक मोठा माणूस, कोणाचा तरी बाप असावा, माझ्या मुलाला उद्देशून ओरडला. काय ओरडला ते लिहीत नाही. मुलगा पॉकेटमध्ये खाली मान घालून उभा राहिला. आजूबाजूचे पालक एकदम मोबाइल पाहू लागले. माझे पाय जागचे हलेनात.

तुम्ही हातातली पाटी कोणाला तरी दिलीत आणि बाउंड्रीच्या कडेने चालत निघालात. धावला नाहीत, ओरडला नाहीत. त्या माणसाच्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतकं जवळ जाऊन हाताची घडी घातलीत आणि सामना बघत उभे राहिलात. क्वार्टर संपल्याचा सायरन होईपर्यंत. आपला संघ मागे होता, सूचना द्यायला कोच जागेवर नव्हता, आणि तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. त्या माणसाच्या तोंडून पुन्हा शब्द निघाला नाही. थोड्या वेळाने तो पार्किंगकडे निघून गेला.

पुढे तक्रार, कागद, बैठका जे व्हायचं ते झालं आणि तेही तुम्हीच निस्तरलंत. पण माझ्या मनात राहिलंय ते तुमचं उभं राहणं, आणि ब्रेकमध्ये तुम्ही मुलाला काहीही विचारलं नाहीत ते. ठीक आहेस ना, मनाला लावून घेऊ नकोस, यातलं एक वाक्य नाही. तुम्ही त्याला एवढंच सांगितलंत की वारा नदीकडून आहे, पॉकेटमधून मारताना चेंडू थोडा आत ठेव. म्हणजे तो तुमच्यासाठी फॉरवर्डच राहिला. गाडीत घरी येताना तो वाऱ्याबद्दलच बोलत होता, आणि मी सगळा वेळ रस्त्याकडे बघत डोळे पुसत होते.

चांगुलपणा मला आजवर गोड बोलण्यात दिसायचा. गोड बोलणारे पुष्कळ भेटले आहेत. मोक्याच्या वेळी आपली जागा सोडून चार पावलं चालत जाणारा मात्र फार क्वचित भेटतो, आणि मला तो माझ्या गावापासून इतक्या दूर, ज्याच्याशी माझं ना नातं ना भाषा, अशा माणसात भेटला. तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला असं वाढवलं, त्यांनाही माझा नमस्कार.

पुढच्या मोसमात सामन्यांच्या दिवशी बाउंड्रीवर लक्ष ठेवायला पालकांपैकी कोणीतरी हवं आहे, असं तुमच्या निरोपात वाचलं. माझं नाव लिहून ठेवा. नियम अजून सगळे येत नाहीत, ते मुलगा शिकवतोय.

तुमची आभारी,
तुमच्या छोट्या फॉरवर्डची आई