उजनीच्या गाळाआधी तळाची नोंद घ्या

महोदय,

उन्हाळ्यात भीमा नदीवरील उजनी धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या पातळीखाली गेले की फुगवट्यातील जुन्या गावठाणांच्या भिंती आणि पायऱ्या उघड्या पडतात, इंदापूर तालुक्यातील पळसनाथाचे मंदिर पाहायला लोक गर्दी करतात, आणि नेमक्या याच दिवसांत गाळ उपसण्याचे कामही सुरू होते. गाळ उपसण्याला माझा विरोध नाही. हलक्या रानाला गाळ हवाच आहे. मात्र उपसा सुरू होण्यापूर्वी तळाची पुरातत्त्वीय पाहणी झाली पाहिजे.

या धरणाच्या वरच्या अंगाला, भीमेला मिळणाऱ्या घोड नदीकाठी, इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वसाहत सापडली. खालच्या अंगाला, भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथे शके 940 चा मराठी शिलालेख आहे. मधला एवढा मोठा नदीकाठ पाण्याखाली गेला असताना तिथे केवळ गाळच असेल असे कसे धरून चालावे?

पुरातत्त्वात वस्तूइतकेच तिच्या जागेला महत्त्व असते. द्वारकेच्या समुद्रतळाशी भोके पाडलेले दगडी नांगर मोठ्या संख्येने सापडले. पण तशाच घडणीचे नांगर शतकानुशतके वापरात राहिल्याने केवळ आकारावरून त्यांचा काळ ठरत नाही. पोकलेनच्या एका बकेटमध्ये खापरे, राख, हाडे आणि वरची माती एकत्र आली की कोणता थर आधीचा, हे पुन्हा कोणालाही सांगता येत नाही. म्हणूनच युनेस्कोच्या 2001 च्या करारात पाण्याखालचे अवशेष शक्यतो जागीच जपण्यावर भर आहे. नागार्जुनसागर धरण बांधताना 1954 पासून काही वर्षे नागार्जुनकोंडा या प्राचीन बौद्ध स्थळाचे उत्खनन करून अनेक वास्तू उंचावर हलवल्या गेल्या. उजनीत ती वेळ टळून गेली असली तरी पाणी ओसरते तेव्हा दरवर्षी थोडी संधी मिळते.

जिल्हा प्रशासनाने गाळाची परवानगी देण्याआधी राज्य पुरातत्त्व विभागाकडून उघड्या क्षेत्राची पाहणी, छायाचित्रण आणि नकाशावर नोंद करून घ्यावी. वर्षानुवर्षे जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांना तळाशी जाळे कुठे अडकते हे पाठ असते. त्यांना या पाहणीत मानधनावर घ्यावे. अवशेष दिसताच काम थांबवून तहसीलदारांना कळवण्याची अट परवान्यातच लिहावी आणि वाळूच्या लिलावांनाही तीच लागू करावी.

– एक वाचक, सोलापूर