रोबोच्या चेहऱ्यावर किती विसंबावे?

महोदय,

गेल्या महिन्यात आईला तपासणीसाठी एका खासगी रुग्णालयात नेले होते. स्वागतकक्षात मोठ्या गोल डोळ्यांचा एक पांढरा रोबो उभा होता. मी नोंदणीच्या रांगेत असताना आईने गोळ्यांचे पाकीट त्याच्या डोळ्यांसमोर धरून विचारले, "बाळा, ही उपाशीपोटी घ्यायची ना?" त्याने पापण्या मिटल्या, उघडल्या आणि "हो, धन्यवाद" म्हटले. गोळी जेवणानंतरची होती. त्या यंत्राला विभागांची वाट सांगण्यापलीकडे काही येत नाही आणि त्याचे डोळे म्हणजे पडद्यावरची दोन चित्रे आहेत, हे तेथील कर्मचाऱ्याकडून नंतर कळले.

वय झाले म्हणून आई फसली, असे मला वाटत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आधी रस्ता चुकलेल्या रोबोच्या मागेही बहुतेक स्वयंसेवक धूर भरलेल्या मार्गिकेतून निघाले. ज्या दाराने ते आत आले होते, ते दार त्यांनी सोडून दिले. त्या रोबोच्या अंगावर 'आपत्कालीन मार्गदर्शक' अशा अर्थाची अक्षरे होती. तेवढ्यावर तरुण माणसे विसंबली, तर डोळे मिचकावणाऱ्या यंत्राला माझ्या आईने 'बाळा' म्हटले, यात नवल ते काय?

जपानी शास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच लिहिले होते की, यंत्र हुबेहूब माणसासारखे दिसू लागले, पण पुरते जमले नाही, की पाहणाऱ्याला ते नकोसे होते. बाहुलीसारख्या गोड चेहऱ्याने ही भीती टळते खरी, पण न कमावलेला विश्वास त्या चेहऱ्याला आपसूक मिळतो, आणि मला हेच अधिक धोक्याचे वाटते.

जपानमध्येच ताकानोरी शिबाता यांनी वृद्धांच्या सोबतीसाठी 'पारो' हा रोबो सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लाच्या रूपात घडवला. मांजर किंवा कुत्रा केला असता, तर लोकांनी त्याची खऱ्या प्राण्याशी तुलना केली असती. सील मात्र फारसा कुणाच्या सहवासातला नसतो. यंत्राकडून अपेक्षा किती ठेवली जाईल, याचा विचार तेथे रूप ठरवतानाच झाला होता.

रुग्णालयांच्या व्यवस्थापनांना विनंती आहे की, ज्या रोबोला दिसत नाही त्याला डोळे लावू नयेत आणि 'मी फक्त वाट सांगतो, औषधांबद्दल परिचारिकेला विचारा' असे त्याच्या छातीवर ठळक मराठीत लिहावे.

— एक वाचक, नाशिक